घरगुती ‘बिटर’ : इंग्लंडच्या पिंपातील कडवट परंपरा

(विशेष प्रतिनिधी)

एप्रिल १९६३ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी अर्थसंकल्पात एक छोटीशी तरतूद केली. घरी बिअर तयार करण्यासाठी १८८० सालापासून आवश्यक असलेला परवाना त्यांनी रद्द केला. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने ही बाब किरकोळ होती. मात्र ८३ वर्षे आक्रसत गेलेली एक जुनी गृहकला त्या दिवशी पुन्हा मोकळी झाली. पुढच्या दशकात इंग्लंडमधील असंख्य घरांच्या स्वयंपाकघरांत, गॅरेजमध्ये आणि जिन्याखालच्या अडगळीत प्लॅस्टिकची पिंपे दिसू लागली. त्या पिंपांत जे आंबत असे, ते बहुतेक वेळा ‘बिटर’ असे. ही बिटर म्हणजे नेमके काय, ती घरी कशी तयार होते आणि आपल्याकडील कायदा त्याविषयी काय सांगतो, याचा हा आढावा.

बिटर म्हणजे काय?

बिअरची दोन मोठी घराणी आहेत : एल आणि लागर. लागर कमी तापमानात, सावकाश आंबते. आपल्याकडे बाटलीतून मिळणारी बहुतेक बिअर याच घराण्यातली. एल मात्र १८ ते २२ अंश सेल्सिअसच्या आसपास आंबते आणि तिचे यीस्ट द्रवाच्या पृष्ठभागावर जाड साय धरते. बिटर हा एलचाच इंग्लिश प्रकार आहे. रंग तांबूस किंवा मधासारखा, फेस बेताचा, वायू कमी आणि चवीत माल्टचा बिस्किटासारखा गोडवा व हॉप्सचा स्वच्छ कडवटपणा यांचा तोल, ही तिची ओळख होय.

नावामागची कथा साधी आहे. एकोणिसाव्या शतकात मद्योत्पादक या बिअरला ‘पेल एल’ म्हणत. पबमधील गिऱ्हाईक मात्र गोडसर ‘माइल्ड’पेक्षा वेगळी बिअर हवी असली, की ‘बिटर’ म्हणजे ‘कडू’ मागत असे. कारखान्याच्या नोंदवहीतले नाव मागे पडले आणि गिऱ्हाइकाच्या तोंडचे नाव टिकले.

तीव्रतेनुसार तिचे तीन दर्जे मानले जातात. ‘ऑर्डिनरी’ बिटरमध्ये अल्कोहोलचे प्रमाण साधारण ३.२ ते ३.८ टक्के, ‘बेस्ट’मध्ये ३.८ ते ४.६ टक्के आणि ‘स्ट्राँग’ बिटरमध्ये त्याहून अधिक, सुमारे ६ टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे साधी बिटर आपल्याकडील ‘स्ट्राँग’ बिअरच्या निम्म्या तीव्रतेची असते. गप्पांच्या ओघात सावकाश पिण्यासाठीच ती घडलेली आहे.

मुंबईच्या बंदरापर्यंतचा धागा

बिटरच्या जडणघडणीशी हिंदुस्थानचा संबंध आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमधील बो येथील हॉजसन यांच्या मद्यशाळेची पेल एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे येत असे. १८२०च्या दशकात मध्य इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावच्या ऑलसॉप आणि बॅस या मद्यशाळा या व्यापारात उतरल्या. हीच पुढे ‘इंडिया पेल एल’ म्हणून प्रसिद्धीस आली. ही बिअर हिंदुस्थानसाठी मुद्दाम ‘शोधून काढली’, ही दंतकथा मात्र खरी नाही. अधिक हॉप्स घातलेली, दीर्घकाळ टिकणारी बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होती. समुद्रप्रवासात ती तग धरू शकली, इतकेच.

बर्टनच्या यशाचे रहस्य तिथल्या विहिरींत होते. त्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, विपुल असते. त्यामुळे बिअर नितळ होते आणि हॉप्सचा कडवटपणा कोरडा, टोकदार लागतो. या गावाचा दबदबा एवढा होता, की १ जानेवारी १८७६ रोजी ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्या क्रमांकावर नोंदले गेले ते बॅसचे लाल त्रिकोणाचे चिन्ह.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बिटरवर संकट आले. मोठ्या कंपन्यांनी पिंपात जिवंत आंबणारी बिअर सोडून गाळलेली, पाश्चरीकृत आणि बाहेरून कार्बन डायऑक्साइड भरलेली ‘केग’ बिअर पबमध्ये आणली. तिच्याविरुद्ध १९७१ साली चार तरुणांनी ‘कॅम्रा’ ही ग्राहक चळवळ उभी केली. ज्या पिंपातून वाढली जाते त्याच पिंपात दुसऱ्यांदा आंबणारी आणि बाहेरचा वायू न वापरता दिली जाणारी बिअर, तीच ‘रिअल एल’, हा या चळवळीचा आग्रह. घरगुती बिअरला १९७०च्या दशकात जो बहर आला, त्यामागे स्वस्ताईप्रमाणेच हा चवीचा आग्रहही होता. डेव्ह लाइन यांचे ‘द बिग बुक ऑफ ब्रुइंग’ हे पुस्तक १९७४ साली आले आणि डब्यातल्या पाकापलीकडे जाऊन थेट धान्यापासून बिअर बनवण्याचा मार्ग त्याने सामान्य माणसाला दाखवला.

चार घटक

*माल्ट :* नाचणीचे सत्त्व करताना आपल्या घरांत नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळतात. बार्लीच्या, म्हणजे सातूच्या, बाबतीत हीच क्रिया केली की माल्ट तयार होतो. मोड येताना दाण्यात अशी विकरे तयार होतात, जी पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. बिटरसाठी फिकट ‘पेल माल्ट’ हा पाया. १९६०च्या दशकात केंब्रिज येथे विकसित झालेल्या ‘मॅरिस ऑटर’ या बार्लीचा माल्ट घरगुती बिअर करणाऱ्यांत विशेष लोकप्रिय आहे. त्याच्या जोडीला थोडा ‘क्रिस्टल माल्ट’ घातला, की तांबूस रंग आणि करपवलेल्या साखरेसारखा गोडवा येतो.

*हॉप्स :* ही एक वेल असून वनस्पतिशास्त्रानुसार ती भांगेच्या कुळातली आहे. तिच्या शंकूसारख्या मादी फुलांतील राळ उकळल्यावर कडवटपणा देते, शिवाय काही जंतूंची वाढही रोखते. बिटरसाठी ‘फगल’ आणि ‘ईस्ट केंट गोल्डिंग्ज’ या इंग्लिश जातींची जोडी परंपरेने मान्य आहे. पहिली मातकट, दुसरी फुलांच्या मंद सुगंधाची.

*यीस्ट :* साखर खाऊन अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड निर्माण करणारा हा एकपेशीय जीव. इडलीचे पीठ फुगते त्यामागेही सूक्ष्मजीवच असतात. इथे मात्र नेमकी जात निवडून घालावी लागते. १८७१ साली लुई पाश्चर यांनी लंडनच्या व्हिटब्रेड मद्यशाळेतील यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तपासले होते. बिअर बिघडते ती परक्या जंतूंमुळे, हा त्यांचा सिद्धांत आजही घरगुती बिअरचा पहिला धडा आहे.

*पाणी :* बिअरचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणीच. नळाच्या पाण्यातील क्लोरिनमुळे बिअरला औषधी, दवाखान्यासारखा वास येतो. म्हणून एवढ्या पाण्यात मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी विरघळवून क्लोरिन घालवतात. पाणी मृदू असल्यास चमचाभर जिप्सम मिसळून बर्टनची नक्कल करता येते.

२३ लिटर साध्या बिटरचे साहित्य

- पेल माल्ट (भरडलेला) : ३.६ किलो
- क्रिस्टल माल्ट (भरडलेला) : ३०० ग्रॅम
- फगल हॉप्स : ४५ ग्रॅम (उकळीच्या आरंभी)
- गोल्डिंग्ज हॉप्स : २० ग्रॅम (शेवटची १५ मिनिटे) आणि २० ग्रॅम (आच बंद केल्यावर)
- आयरिश मॉस (वाळवलेले समुद्रशेवाळ) : १ चहाचा चमचा
- इंग्लिश एल यीस्ट : ११ ग्रॅमचे एक पाकीट
- पाणी : सुमारे ३२ लिटर
- बाटल्यांत भरताना साखर : सुमारे ७० ग्रॅम

उपकरणांत ३० लिटरहून मोठे पातेले, तळाशी चाळणी व तोटी असलेले उष्णतारोधक भांडे, झाकणाचे अन्नयोग्य प्लॅस्टिकचे पिंप, तापमापक आणि द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर एवढे पुरते. वर्ट थंड करण्यासाठी तांब्याच्या नळीचे वेटोळे असल्यास उत्तम.

कृती : सहा तास आणि चार आठवडे

*१. मॅश.* सुमारे १० लिटर पाणी ७३ ते ७४ अंशांपर्यंत तापवून त्यात भरडलेला माल्ट गुठळ्या न होऊ देता कालवावा. मिश्रणाचे तापमान ६६ अंशांच्या आसपास स्थिरावते. झाकण लावून ते तासभर तसेच ठेवावे. सगळ्या कृतीतील हा निर्णायक टप्पा. तापमान ६३ अंशांच्या खाली गेल्यास बिअर पातळ व कोरडी होते, ७० अंशांकडे सरकल्यास गोडसर व जड. पिष्ट शिल्लक आहे की नाही, हे शाळेच्या प्रयोगशाळेतल्याप्रमाणे आयोडिनच्या थेंबाने कळते. थेंब निळाकाळा झाला, तर काम अपुरे आहे.

*२. स्पार्ज.* तोटी उघडून गोड द्रव, म्हणजे वर्ट, काढून घ्यावा. पहिला गढूळ लिटरभर पुन्हा वरून ओतावा. माल्टचे फोलच गाळणीचे काम करते. त्यानंतर ७५ ते ७८ अंश तापमानाचे सुमारे २२ लिटर पाणी हळूहळू वरून सोडून उरलेली साखर धुऊन घ्यावी. पाणी याहून गरम असल्यास फोलातील तुरटपणा उतरतो. सुमारे २८ लिटर वर्ट मिळतो.

*३. उकळ.* वर्टला खळखळून उकळी आली, की फगल हॉप्स घालावेत आणि झाकण न लावता ६० मिनिटे उकळावे. उतू जाण्याचा धोका पहिल्या दहा मिनिटांत सर्वाधिक. दुधाप्रमाणेच येथेही पातेल्याजवळून हलू नये. शेवटची १५ मिनिटे उरली असता २० ग्रॅम गोल्डिंग्ज आणि आयरिश मॉस घालावे. आच बंद केल्यावर उरलेले गोल्डिंग्ज टाकावेत. आधी घातलेले हॉप्स कडवटपणा देतात, शेवटी घातलेले सुगंध.

*४. थंड करणे.* वर्ट शक्यतो अर्ध्या तासात २० अंशांपर्यंत आणावा. कोमट गोड वर्ट हे जंतूंचे नंदनवन असते. उकळ संपल्यापासून या द्रवाला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू, मग तो पिंप असो वा चमचा, निर्जंतुक केलेलीच हवी.

*५. किण्वन.* वर्ट पिंपात ओतताना उंचावरून धार धरावी, कारण यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो. या वेळी हायड्रोमीटरवर घनता १.०३८ च्या आसपास दिसावी. यीस्ट घालून झाकण सैल लावावे किंवा वायू बाहेर जाण्याची झडप बसवावी. दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर दाट फेस धरतो. तापमान १८ ते २० अंशांत राखावे. ते २५ अंशांपलीकडे गेले, तर केळ्यासारखा किंवा रंगकामाच्या द्रावकासारखा वास येतो.

पाच ते सात दिवसांनी घनता १.०१० च्या आसपास उतरते. आरंभीच्या घनतेतून अखेरची वजा करून १३१ ने गुणले, की अल्कोहोलची टक्केवारी मिळते. येथे ती सुमारे ३.७ टक्के येते.

*६. बाटल्या किंवा पिंप.* लागोपाठ दोन दिवस घनता तीच राहिली, तरच बाटल्या भराव्यात. लिटरमागे सुमारे ३ ग्रॅम साखर उकळून, निववून मिसळावी. या साखरेवर यीस्ट पुन्हा काम करते आणि बंद बाटलीत नैसर्गिक वायू धरतो. आठवडाभर खोलीच्या तापमानात आणि नंतर दोन-तीन आठवडे थंड जागी ठेवल्यावर बिटर पिण्याजोगी होते. काचेची बाटली तपकिरीच असावी, कारण प्रकाशाने हॉप्सची राळ बिघडून दुर्गंध येतो.

धोका कुठे असतो?

घरगुती बिअरमधील सर्वांत गंभीर अपघात म्हणजे फुटणारी बाटली. किण्वन अपुरे असताना बाटल्या बंद केल्या किंवा साखर अंदाजाने घातली, तर आतला दाब वाढत जातो आणि काच गोळ्यासारखी उडते. घनता मोजण्याचा कंटाळा हेच याचे मूळ. म्हणूनच नवशिक्यांना जाड प्लॅस्टिकच्या बाटल्या वापरण्याचा सल्ला दिला जातो. बाटली दाबून पाहिली, की दाबाचा अंदाज येतो. दुसरा धोका भाजण्याचा. तीस लिटर उकळते पातेले एकट्याने उचलू नये.

‘विषारी दारू’ची भीती मात्र येथे वेगळी काढून पाहिली पाहिजे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभरहून अधिक जणांचा बळी घेणारी दारू मिथेनॉलयुक्त होती. धान्य आंबवताना मिथेनॉल घातक प्रमाणात निर्माण होत नाही; अशा दुर्घटनांत औद्योगिक मिथेनॉल मिसळलेले असते. मराठीत दारू ‘गाळणे’ आणि ‘आंबवणे’ या दोन क्रिया सैलपणे एकच मानल्या जातात. प्रत्यक्षात बिअर आंबवतात. गोव्याची काजूफेणी आंबवून मग गाळतात, म्हणजे तिचे ऊर्ध्वपातन करतात. ब्रिटनमध्ये घरी बिअर आंबवण्यास मुभा असली, तरी विनापरवाना ऊर्ध्वपातन तेथेही गुन्हाच आहे.

याचा अर्थ घरगुती बिअर निरुपद्रवी असते, असा नव्हे. घरी केली म्हणून अल्कोहोलचा यकृतावरील परिणाम किंवा व्यसनाची शक्यता कमी होत नाही. गर्भवतींनी ती पूर्णपणे वर्ज्य मानावी, आणि पिऊन वाहन चालवू नये.

कायदा : तेथला आणि येथला

ब्रिटनमध्ये स्वतःच्या घरगुती वापरासाठी बिअर करण्यास परवाना लागत नाही व करही द्यावा लागत नाही. तिची विक्री मात्र करता येत नाही. लंडन वा लेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना हा छंद कायदेशीररीत्या जोपासता येतो.

महाराष्ट्रातील वाचकांनी मात्र वरील कृती केवळ माहितीसाठी वाचावी. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने लागू आहे, त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. त्या हेतूने साहित्य वा उपकरणे जवळ बाळगणे हेही गुन्ह्यातच मोडते. ‘घरच्यासाठीच केली’ हा बचाव येथे उपयोगी पडत नाही. ब्रिटनने १९६३ मध्ये दिली तशी सवलत या कायद्यात नाही. गोव्यातही मद्यनिर्मितीसाठी अबकारी परवाना लागतो. ताज्या एलची चव घ्यायची, तर परवानाधारक मायक्रोब्रुअरी हाच राजमार्ग. पुण्यात २००९ साली अशी मद्यशाळा सुरू झाली आणि त्यानंतर राज्यातील मोठ्या शहरांत त्यांची संख्या वाढत गेली.

कशी वाढतात?

बिटर ‘कोमट’ पितात, हा गैरसमज आहे. तळघराच्या तापमानाला, म्हणजे ११ ते १३ अंशांना, ती दिली जाते. फ्रीजमधल्याइतकी गार केल्यास माल्ट व हॉप्सची चव दबून जाते. पबमध्ये पिंप तळघरात असते आणि काउंटरवरील लांब दांडा ओढून हातपंपाने ती ५६८ मिलिलिटरच्या पाइंट ग्लासात येते. अशा पंपाचे पेटंट जोसेफ ब्रामा यांनी १७९७ साली घेतले होते. शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पिंपातील बिअर नितळ करण्यासाठी परंपरेने माशाच्या वाताशयापासून केलेले ‘आयसिंग्लास’ वापरतात. घरगुती बिअरमध्ये ते टाळता येते; थोडा धीर धरला, की यीस्ट आपोआप तळाशी बसते.

पारिभाषिक शब्द

*वर्ट :* माल्टपासून काढलेला, न आंबलेला गोड द्रव.
*मॅश :* गरम पाण्यात माल्ट मुरवून पिष्टाची साखर करण्याची क्रिया.
*स्पार्ज :* माल्टमध्ये उरलेली साखर गरम पाण्याने धुऊन काढणे.
*फायनिंग्ज :* बिअर नितळ करणारे पदार्थ.
*कास्क :* जिवंत यीस्टसह बिअर ज्यात मुरते व ज्यातून वाढली जाते ते पिंप.

टिकणार काय?

१९८०च्या दशकाअखेरीस ब्रिटनमध्ये लागरने एल प्रकारांना मागे टाकले आणि बिटर हे ज्येष्ठांचे पेय ठरू लागले. बर्टनमध्ये एकमेकांना जोडलेल्या लाकडी पिंपांत बिअर आंबवण्याची ‘युनियन’ पद्धत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली होती. मार्स्टन्सच्या मद्यशाळेने २०२४ मध्ये ती बंद केली. त्यातील एक संच त्याच वर्षी डर्बीशरमधील थॉर्नब्रिज या लहान मद्यशाळेने जतन करून पुन्हा वापरात आणला. मोठे कारखाने हात आखडता घेतात तेव्हा परंपरा लहान हातांत जाते, याचे हे ताजे उदाहरण. १९६३ नंतरच्या स्वयंपाकघरांनी नेमके हेच केले होते. पबमधून हव्या त्या चवीची बिटर नाहीशी होत असताना ती कशी करायची, याचे ज्ञान त्यांनी जिवंत ठेवले. हॉप्सचे वजन, माल्टचे प्रमाण आणि ६६ अंशांचा तो तास ज्यांनी वहीत टिपून ठेवला, त्यांच्यामुळेच ही कडवट चव आज घरी पुन्हा घडवता येते.